डब्यातलं हमिंग

गिरगाव, ४ एप्रिल २०२५

रामदासभाऊ,

नमस्कार. गुडघा कसा आहे? प्राची म्हणाली, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला मे संपेपर्यंत जिने उतरायचे नाहीत असं बजावलंय आणि तुम्ही घरातल्यांना वात आणलाय.

चिठ्ठी बघून हसू नका. मी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात काढली, आता मला फोनचा कंटाळा आहे. शिवाय वायरींचं काम फोनवर ऐकलं तर फोन खाली ठेवेपर्यंत विसरायला होतं. प्राचीचं, तुमच्या सूनबाईंचं, ऑफिस चर्नी रोडला आहे, ती आपल्या चिठ्ठ्यांची ने-आण करायला तयार आहे.

काम असं. आमच्या वाडीतल्या क्रूसासमोर मे महिन्यात रोज संध्याकाळी प्रार्थना होते आणि शेवटी लितानी गातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आई गेल्यापासून ती ओळ मी म्हणते. वाद्य वगैरे काही नाही. एक माइक, आणि आमच्या रूपर्टने तुमच्या मदतीने बनवलेला ॲम्प्लिफायरचा डबा. भाऊ गेला, डबा अजून आहे.

गेली दोन वर्षं माझं काहीतरी बिनसलंय. सुरुवात बरी होते, मग सूर उतरत जातो, आणि शेवटाला इतका खाली जातो की बायकांना गाताच येत नाही आणि पुरुष खोकल्याचं निमित्त करतात. तोंडावर कोणी बोललं नाही. समोरच्या घरातली सॅशा बोलली. ती जाहिरातींच्या ऑफिसात आहे, आडपडदा ठेवत नाही. "आंटी, तू आता रेस्ट घे ना. क्वायरचं मस्त रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, ब्लूटूथ स्पीकरवर लावू, लोक मागून म्हणतील. सिंपल!"

मला राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण तिचं खरं आहे का, ते मला बघायचंय. गाताना आपलं आपल्याला कळत नाही. वाडीला माझा आवाज डब्यातून ऐकू येतो, तसाच तो मला एकदा बाहेरून ऐकायचाय. मोबाइलवर केलं तर मोबाइल आपल्या मनाने आवाज वर-खाली करतो म्हणे, म्हणून सॅशानेच तिचा जुना कॉम्प्युटर दिलाय. डब्यातला आवाज कॉम्प्युटरात कसा घालायचा, ते सोप्या मराठीत लिहून पाठवा.

आवाज गेला असेल तर मे उजाडायच्या आत मी बाजूला होईन. कोणी उठवायच्या आधी मला माझी मी उठायचंय.

थेरेसा


परळ, ६ एप्रिल

थेरेसा,

गुडघा आहे तिथेच आहे. वात मी आणलेला नाही, मला आणला गेलाय. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून माणूस किती वेळ टॉवरच्या क्रेन बघणार? तुझी चिठ्ठी आली, बरं झालं.

आधी डब्याबद्दल. तो उत्तम आहे. रूपर्ट गेल्यावर मी तो घरी आणून आतले वाळलेले कपॅसिटर काढले आणि नवे घातले, हे तुला आठवत असेल. त्याच्याइतका स्वच्छ वाजणारा ॲम्प्लिफायर आता गिरगावात नसेल. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगत नाही. पण केलंय मीच.

डब्याच्या मागे स्पीकरचे दोन स्क्रू आहेत. तिथून वायर काढून सरळ कॉम्प्युटरला लावायची नाही. स्पीकर हलवायला लागतो तेवढा जोर कॉम्प्युटरला सोसत नाही, त्याचं साउंड कार्ड जळेल. मधे दोन रेझिस्टर लावून तो जोर दहाव्या हिश्श्यावर आणायचा आणि एक कपॅसिटर लावायचा, म्हणजे आवाज तेवढा पुढे जातो आणि डब्यातली डीसी अडते. तुझ्या हातात सोल्डरिंग गन देण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. हे सगळं मी एका साबणाच्या डबीत बसवून प्राचीबरोबर पाठवतोय. लाल वायर लाल स्क्रूला, काळी काळ्याला. दुसऱ्या टोकाला पिन आहे, ती कॉम्प्युटरच्या मागे जाईल. जोडाजोड करताना डबा बंद ठेव. आवाजाचं बटण शून्यावरून हळूहळू वाढव. घाई करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

रामदास


गिरगाव, १२ एप्रिल

रामदासभाऊ,

साबणाची डबी पोचली. अजून चंदनाचा वास येतोय.

आता ऐका. कॉम्प्युटरच्या मागे भोकं तीन आहेत. गुलाबी, हिरवं, निळं. तुम्ही डीसी अडवलीत, माझा स्वभाव काढलात, पण भोक कुठलं ते लिहिलं नाहीत. गुलाबीजवळ माइकचं चित्र होतं. मी माइकमध्ये गाते, म्हणून पिन गुलाबीत घातली. एक्स्चेंजमध्ये माझ्या हातून कधी कॉर्ड चुकीच्या जागी गेली नव्हती, हे तुमच्या माहितीसाठी.

जे रेकॉर्ड झालं ते ऐकून सॅशाची मांजर कॉटखाली गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. प्रत्येक शब्द फाटलेला. पत्र्यावर कोणी खिळा ओढावा तसा. हा माझा आवाज असेल तर मी आजच लिहून देते, बंद करा. तुमचा असेल तर दुरुस्त करा.

पुढचा आठवडा पवित्र आठवडा आहे, मला चर्चमधून सवड नाही. ईस्टर झाल्यावर बघेन.

थेरेसा


परळ, १५ एप्रिल

थेरेसा,

चूक माझी. निळं. निळं म्हणजे लाइन-इन. गुलाबी भोक माइकच्या अगदी बारीक आवाजासाठी असतं, त्यात जे येईल ते कॉम्प्युटर फुगवून घेतो. तुझा आवाज आधीच डब्यातून मोठा होऊन आलेला, तो परत फुगला, म्हणून फाटला. मांजरीला माझ्या वतीने सॉरी सांग.

आमची ही म्हणाली, "तुमका दुसरो काय धंदो नाय?" मी म्हटलं, नाही.

गाऊन झालं की पेनड्राइव्ह पाठव, मीही ऐकतो. माझ्याकडे इथे वेळच वेळ आहे.

रामदास


गिरगाव, २२ एप्रिल

रामदासभाऊ,

ईस्टर छान झाला. प्राचीबरोबर मार्झिपॅन दिलंय, गोड तुम्हाला चालत नसेल तर वहिनींना द्या.

निळ्यात पिन घातली. आवाज फाटत नाही. पण आता नवीनच सुरू झालंय. सतत घूंऽऽऽ. पिन घातली रे घातली की कॉम्प्युटरातही घूं आणि डब्याच्या स्पीकरातूनही घूं. पिन काढली की गप्प. मी सगळं हलवून बघितलं, भिंतीवरचा प्लग बदलून बघितला. मग कंटाळून त्या घूंमध्येच अख्खी लितानी गायले आणि रेकॉर्ड केली.

ऐकताना सूर बरा वाटला. शेवटपर्यंत उतरला नाही. पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. तो घूं आवाज सगळ्यावर गोधडीसारखा पसरलाय, त्याच्याखाली माझं काय काय झाकलं गेलंय कोणास ठाऊक. मला स्वच्छ ऐकायचंय. मे तोंडावर आलाय आणि सॅशा रोज विचारते, "आंटी, मग फायनल काय?"

पेनड्राइव्ह सोबत आहे.

थेरेसा


परळ, २४ एप्रिल

थेरेसा,

ऐकलं. हमिंग भयंकर आहे. गाणं त्याच्या मागे कुठेतरी होतं, त्याकडे माझं लक्षच गेलं नाही. बिघाड ऐकू आला की मला दुसरं काही ऐकू येत नाही, ही जुनी खोड आहे.

कारण सोपं आहे. डब्याला अर्थिंग आहे आणि कॉम्प्युटरलाही. तू दोघांना वायरने जोडलंस, त्यामुळे अर्थिंगचे दोन रस्ते मिळून एक वेटोळं तयार झालं, आणि घरातल्या विजेची गुणगुण त्या वेटोळ्यातून आवाजात शिरली. उपाय माझ्याकडे आहे. एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर, रूपर्टने आणि मी लॅमिंग्टन रोडला घेतलेला, कधी वापरला नाही. साबणाची डबी आणि कॉम्प्युटर यांच्या मधे तो लाव. आवाज पलीकडे जाईल, पण वायरीला वायर लागणार नाही. वेटोळं तुटेल आणि हमिंग बंद होईल.

मग ऐक. दूध का दूध.

मार्झिपॅन मी खाल्लं. हिला सांगू नकोस.

रामदास


गिरगाव, २९ एप्रिल

रामदासभाऊ,

तुमचा ट्रान्सफॉर्मर गुणी आहे. लावल्याबरोबर घूं बंद. इतकी शांतता की माइकमध्ये मला माझा श्वास ऐकू आला.

मी दार लावून घेतलं आणि अख्खी लितानी गायले. मग खुर्ची ओढून ऐकायला बसले. दहाव्या-बाराव्या ओळीपर्यंत ठीक होतं. मग घसरायला लागले. एकदम नाही, हळूहळू, कळणारही नाही असं. शेवटच्या ओळी म्हणणारी बाई कोणी दुसरीच आहे, दमलेली. दुसऱ्या दिवशी परत गायले. तसंच. तिसऱ्यांदा मी ऐकलंच नाही.

तेव्हा ठरलं. संध्याकाळी सॅशाला सांगितलं की परवापासून तिचा स्पीकर लाव. ती बिचारी गडबडली, म्हणाली, "आंटी, आय डिडन्ट मीन की..." मी म्हटलं, तू काही चुकीचं बोलली नव्हतीस. मग घरी येऊन मी रडले. हे कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला लिहितेय कारण तुम्ही चौथ्या मजल्यावर अडकलेले आहात.

हा पेनड्राइव्हही पाठवतेय. काम तुम्ही चोख केलंत. तुमचे आभार.

थेरेसा


परळ, १ मे

थेरेसा,

आज सुट्टी, प्राची घरी आहे, त्यामुळे ही चिठ्ठी तुला उद्या मिळेल. तोवर सॅशाचा स्पीकर लागलेला असेल. मला फार अस्वस्थ वाटतंय.

काल रात्रीपासून दोन्ही रेकॉर्डिंग मी परत परत लावली. या वेळी बिघाड नव्हता, म्हणून गाणं ऐकलं. स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये तू उतरतेस, खरं आहे. मग भजनी मंडळाची हार्मोनियम पुढ्यात घेतली आणि मोजलं. शेवटाला तू चांगली दोन पट्ट्या खाली आलेली आहेस. मग पहिलं लावलं, ते घूंवालं. पहिल्या ओळीला जो सूर, तोच शेवटच्या ओळीला. केसाइतका हलला नाही. गंमत म्हणजे तो सूर हार्मोनियमवर सापडेच ना. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी, कुठल्याच पट्टीत न बसणारा. असा सूर माणूस लावतो कशाला?

मग मी तुझं गाणं सोडून नुसतं हमिंग ऐकलं. हमिंग त्याच सुरात आहे, थेरेसा. तू त्याला धरून गात होतीस.

आता जुनं ऐक. रूपर्टच्या डब्यात पहिल्या दिवसापासून हमिंग होतं. विजेचंच, म्हणजे याच सुरातलं. मी त्याच्या मागे लागायचो, बाबा, दोन कपॅसिटर बदलू, हे काढून टाकू. तो म्हणायचा, "राहू दे रे, वाडीला सवय आहे." मला वाटायचं, आळशी आहे. तो गेल्यावर मी डबा घरी आणला आणि पहिलं काम काय केलं, तर हमिंग काढलं. दोन उन्हाळे झाले त्याला. तुझा सूर कधीपासून उतरतोय म्हणालीस?

लोक उत्तर देऊन थांबले की पुढच्या ओळीआधी क्षणभर शांतता असते. त्या शांततेत इतकी वर्षं डबा तुला सूर देत होता. तुझा आवाज गेलेला नाही. पायाखालची फरशी मी काढून नेली, आणि वर कौतुक करून घेतलं.

ते परत आणायला अर्धा तास पुरे. नव्यातला एक कपॅसिटर कापला की झालं. मी यायला तयार आहे. उत्तर लगेच दे.

रामदास


गिरगाव, ५ मे

रामदासभाऊ,

तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाईट वाटलं.

म्हणजे मला सूर नव्हताच. लोक म्हणायचे, थेरेसाचा सूर आईसारखा पक्का. आईच्या वेळी डबा नव्हता. ती आपल्या बळावर गायची. मी एका बिघाडाला धरून उभी होते आणि मला ते माहीतही नव्हतं. आता तुम्ही कपॅसिटर कापणार, आणि मी परत कुबडी घेऊन उभी राहणार? राहू द्या. गुडघा सांभाळा.

इथलं सांगायचं तर ब्लूटूथ चालू आहे. रेकॉर्डिंग सुरेख आहे, पण ते कोणासाठी थांबत नाही. आमच्या म्हाताऱ्या एका ओळीचं उत्तर देत असतात तोवर स्पीकर पुढच्या ओळीवर गेलेला असतो. काल शेजारच्या ॲरनची आजी मधेच म्हणाली, "अगो त्याला सांग जरा दम घे." सगळे हसले. मी पण हसले. मग उत्तर देणाऱ्यांची संख्या कमी कमी होत गेली आणि शेवटी स्पीकर एकटाच गात होता.

थेरेसा


परळ, ६ मे

थेरेसा,

तू हट्टी आहेस हे रूपर्ट सांगायचा, मी त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

कुठलाही मोठा गवई मैफलीला बसतो तेव्हा मागे तंबोरा असतो. दोन-दोन असतात. त्याला कोणी कुबडी म्हणत नाही. आमच्या भजनी मंडळात हार्मोनियम एक मिनिट बंद ठेवली तर आमचे बुवा कुठे जाऊन पोचतात ते एकदा ऐकायला ये. आणि आईचं म्हणशील तर आईच्या वेळी वाडीत सतरा घरं गात होती, त्यांतल्या निम्म्यांचा सूर पक्का होता, एकमेकांना धरून सगळे तरायचे. आता तुझ्यामागे किती जण आहेत? आधाराशिवाय कोणीच गात नाही गं. आधार दिसत नाही, एवढंच.

शनिवारी दुपारी मी येतोय. टॅक्सी खालपर्यंत येते, जिने मी बसून बसून उतरेन. नाही म्हणायचं असेल तर दार उघडू नकोस.

रामदास


गिरगाव, १ जून

रामदासभाऊ,

दार मी उघडलं आणि तुम्ही कपॅसिटर कापलात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरचं माहीत नाही, कारण प्राचीने तुम्हाला चहा संपायच्या आत टॅक्सीत कोंबून नेलं. नंतर घरी काय ऐकून घ्यावं लागलं तेही तिच्याकडून कळलं. त्यानंतर मे संपेपर्यंत मला लिहायला सवड नव्हती. आज बसलेय.

त्या शनिवारी संध्याकाळी डबा क्रूसाजवळ नेऊन लावला. घूं सुरू झालं. सॅशा धावत आली, "आंटी, नॉइज येतोय, मी बंद करते," आणि तिने बटणाला हात घातला. तर बाकांवरून तीन-चार जणी एकदम ओरडल्या, "हात लावू नको!" मग एकमेकींकडे बघत बसल्या, आपण का ओरडलो म्हणून. मी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी माइक घेतला आणि पहिली ओळ म्हटली.

उत्तर आलं. भाऊ, दोन वर्षांत असं आलं नव्हतं. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी गळलं नाही. घरी आल्यावर मी रूपर्टच्या फोटोसमोर उभी राहिले, आणि त्याला आळशी म्हटल्याबद्दल तुमच्या वतीने माफी मागितली. मग डब्याचं सगळं सॅशाला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हे फीचर आहे, बग नाही." असेल.

मग रोज प्रार्थनेच्या आधी मी तिला डब्यासमोर बसवलं. तिचा कान फोनवरच्या गाण्यांवर घडलेला, तिला तो मधलाच सूर सापडेना, वर जायची नाहीतर खाली. मी म्हटलं, गाऊ नकोस, आधी नुसतं ऐक. आठवड्याभराने सापडला.

काल शेवटचा दिवस होता. सगळे जमल्यावर मी माइक सॅशाच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी उठवलं नव्हतं. आवाज असताना मला माइक द्यायचा होता. एप्रिलमध्येच दिला असता तर तो नुसता टाकून दिल्यासारखा झाला असता.

तिची पहिली ओळ थरथरली, पण बरोबर सुरात आली. मग सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि त्यांच्यात मीही होते. आईनंतर पहिल्यांदा मी कोणा माणसाच्या ओळीला उत्तर देणाऱ्यांत बसले होते. डब्यातून कोणीतरी दुसरीच गात होती आणि मला तिच्यामागून जायचं होतं, एवढंच काम. मला फार बरं वाटलं. आणि उठून तिच्या हातातून माइक काढून घ्यावा असंही वाटलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

थेरेसा